तलावाकाठी काम चालू होतं

आमच्या घरामागे अजून दोन वावरं शिल्लक आहेत. अकोला सगळीकडून पसरत आलं, पण एवढे दोन तुकडे प्लॉट न पडता कसे राहिले कोण जाणे. परवा तिथलं सोयाबीन सोंगून झालं आणि काल सकाळी थ्रेशर सुरू झालं. भुसकटाचा धुराळा उठला, खरखराटानं कान भरले. शेजारच्या वहिनींनी एकेक करून सगळ्या खिडक्या आपटून लावल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "अवं, तुमची खिडकी उघडी हाये! सारं घर भरून जाईन धुळीनं."

मी म्हटलं, "भरू द्या."

दरवर्षी हे दिवस असेच येतात. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावीशी वाटते. बाजारात सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. आणि कुठेतरी, कुणाचं तरी यंत्र घरघरत असतं. त्या आवाजानं लोकांची डोकी उठतात. मला मात्र चिखलदऱ्याचा तलाव दिसतो, नाकाशी ओल्या सिमेंटचा वास येतो आणि चार वर्षांपूर्वीचे ते पंधरा दिवस अंगणात आल्यासारखे वाटतात.

माझे यजमान चित्रकलेचे शिक्षक. मी प्राथमिकला शिकवत होते, ते हायस्कूलला, शाळा एकच. लग्नाआधी त्यांना 'सर' म्हणत होते, ती सवय नंतरही सुटली नाही. चांदूर रेल्वेला माझ्या माहेरी यावरून फार हसायचे. सर बोलके. किती बोलके, तर भाजी आणायला गेले की भाजी विसरून भाजीवालीच्या गावची सगळी हकीकत घेऊन यायचे. घरात बोलायचं काम त्यांचं, हुंकार द्यायचं काम माझं. चाळीस वर्षं आमचं असंच छान चाललं होतं.

त्या वर्षी आषाढात, सकाळी पोहे खाता खाता त्यांच्या हातातला चमचा पडला. उचलायला वाकले ते कललेच. पुढचे दिवस दवाखान्यात गेले. हळूहळू पाय सुधारला, उजवा हात अर्धामुर्धा हलू लागला, पण बोलणं काही आलं नाही. तोंडातून नुसता "अं... अं..." असा आवाज निघायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना समजतं सगळं. शब्द सापडत नाहीत. काहींना सापडतात पुढे, काहींना नाही सापडत."

भेटायला माणसं यायची. चांगली माणसं, मायेनं येणारी. पण सरांच्या समोर बसून मला विचारायची, "जेवतात का?" "ओळखतात का?" आणि मीही उत्तरं द्यायचे. हो, जेवतात. हो, ओळखतात. सर एकदा त्यांच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. पुढे पुढे दारावरची बेल वाजली की ते उठून आतल्या खोलीत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

वाचा सुधारायला एक मुलगी घरी यायची. तिनं चित्रांची कार्डं आणली होती. कप, झाड, गाय. गायीचं कार्ड पुढे आलं की सर ते हातानं उडवून लावायचे. मुलगी बिचारी ओशाळायची. मी तिला म्हणायचे, "जमत नाही ना, म्हणून चिडतात."

आमची मुलगी पुण्याला असते. तिनं तिथूनच चिखलदऱ्याला तलावाकाठचं एक हॉटेल ठरवलं. "बाबांना हवापालट होईल, तुलाही." निघायच्या दोन दिवस आधी तिथल्या मॅनेजरचा फोन आला.

"काकू, मी निलेश बोलतो, चिखलदऱ्याहून. तुमचं बुकिंग चुकून घेतल्या गेलं. अथी काम चालू हाये. दिवाळीच्या आत सारं हॉटेल नवं करून राहिलो. दिवसभर नुसती ठोकाठोक. पाहुणा तर एक बी नाई."

"एकही नाही?"

"नाई जी. आमी अन् मिस्त्री लोकं, बस."

"मग आम्ही येतो," मी म्हटलं.

त्याला वाटलं असेल, बाईला ऐकू कमी येतं. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मला हवापालट नको होती, मला अशी जागा हवी होती जिथे दारावरची बेल वाजणार नाही.

परतवाडा सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना सागाचं रान होतं आणि वरच्या वळणांवर धुकं उतरलं होतं. सरांनी खिडकीची काच खाली केली. मी वर केली. त्यांनी पुन्हा खाली केली. एवढंच आमचं त्या प्रवासातलं संभाषण.

हॉटेल म्हणजे निम्मं हॉटेल होतं. दर्शनी भागाची पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती. अंगणात एक पांढरा शुभ्र बाथटब पडला होता, त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि त्या पाण्यात एक बेडूक मोठ्या ऐटीत बसला होता. गाद्या एकावर एक रचून ताडपत्रीखाली झाकल्या होत्या. मागच्या बाजूच्या दोनच खोल्या राहण्याजोग्या होत्या. त्यांच्यासमोर लांबच लांब व्हरांडा आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांपासून वीसेक पावलांवर तलाव. त्याच व्हरांड्यात फरशी बसवायचं काम चालू होतं. सकाळी आठला फरशी कापायचं यंत्र सुरू व्हायचं ते असं किंचाळायचं की समोरच्या पाण्यावरचे पाणकावळे उडून पलीकडच्या काठाला जाऊन बसायचे.

पहिल्या दिवशी मी कपाळाला हात लावला. कुठे आणून ठेवलं मी आजारी माणसाला! बॅग पुन्हा भरायच्या विचारात होते, तर सर खोलीतून बाहेर आले, व्हरांड्याच्या टोकाला एक खुर्ची होती ती डाव्या हातानं ओढली आणि कामाकडे तोंड करून बसले. भिंतीकडे नव्हे, कामाकडे. मी बॅग ठेवून दिली.

फरशीचे मिस्त्री होते गफूरभाई. अचलपूरचे. साठीकडे झुकलेले, पांढरी दाढी, गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधलेले. गुडघ्यांवर बसून काम करता करता ते सतत बोलायचे आणि सर ऐकतायत असं दिसल्यावर ते सरांशीच बोलू लागले. "सर, हा सिमेंटचा माल पहा कसा लोण्यासारका झाला." "सर, आज धुवारी लय हाये, तलाव बी दिसत नाई, कोरडं व्हायले टाइम लागन." सरांचं काय झालंय हे निलेशनं त्यांना सांगितलं होतं. तरी ते प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, सरांकडे बघायचे आणि काही उत्तर आलं असावं तसं मान हलवून पुढचं बोलायचे.

हॉटेलचं स्वयंपाकघर उखडलेलं, म्हणून जेवण मागच्या पडवीत चुलीवर व्हायचं. मंदाबाई सगळ्या कामगारांचा स्वयंपाक करायच्या. आमच्यासाठी वेगळं ताट खोलीत आणते म्हणाल्या. मी हो म्हणणार, तेवढ्यात सर पायऱ्या उतरून पडवीत जाऊन बसलेसुद्धा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. सरांच्या डाव्या हातानं घास नीट उचलला जायचा नाही, भाजी सदऱ्यावर सांडायची. तिथे कुणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांच्याच कपड्यांवर सिमेंट होतं.

तिसऱ्या दिवशी गफूरभाईंनी दोन फरश्या सरांच्या पायाशी आणून ठेवल्या. "सर, कडेच्या पट्टीले कोणता रंग घ्यावं? हिरवा का मातकट? मालक म्हनते तुमीच ठरवा."

"सरांना मातकट आवडतो," मी म्हटलं.

गफूरभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, म्या सरले इचारलं."

का कुणास ठाऊक, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला दिसत नाही का?"

तीन महिन्यांत हे वाक्य मी सरांच्या समोर कधी उच्चारलं नव्हतं. सरांनी मान खाली घातली.

गफूरभाईंनी थापी बाजूला ठेवली. "येत नाई," ते शांतपणे म्हणाले, "का तुमी येऊ देत नाई?"

मी तिथून उठले ती सरळ तलावाच्या काठाशी गेले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी रडले. आधी रागानं रडले. रात्रंदिवस मी करते, मी उठवते, मी भरवते, आणि काल भेटलेला माणूस मला शिकवतो! मग राग ओसरला, तरी रडू थांबेना. कारण मी आठवू लागले की तीन महिन्यांत सरांना काही विचारून मी किती वेळ थांबले होते. चहा हवा का, आणि चहा पुढे. पंखा लावू का, आणि पंखा सुरू. प्रश्न आणि उत्तर यांच्यात मी श्वास घेण्याइतकीही जागा ठेवली नव्हती.

मंदाबाई भांडी घेऊन घासायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परातीला राख लावत म्हणाल्या, "गफूरभाईचा राग नोका धरू, ताई. तोंडाचा फटकळ हाये तो. मनाचा नाई."

संध्याकाळी काम थांबल्यावर गफूरभाई स्वतःच आले. हातपाय धुऊन, टोपी घालून. पायरीवर बसले.

"मॅडम, माफ करजा. मले तसं बोलाले नाई पायजे होतं."

मी कठड्यावरचा टॉवेल काढून घडी घालू लागले.

"आमच्या अब्बालेबी असंच झालं होतं," ते म्हणाले. "चार सालं होते ते त्याच्यानंतर. आमी सहा भावंडं, सारेच मायेचे. अब्बानं तोंड उघडलं का कोनी ना कोनी बोलून टाके, अब्बाले पानी पायजे, अब्बाले बाहेर जाचं हाये. त्यायले काई बोलाची गरजच पडू देली नाई आमी. जाच्या आदल्या दिवशी अब्बा काईतरी सांगून राहिले होते. लय येळ सांगत होते. कोनालेच समजलं नाई." मग ते म्हणाले, "आदत नव्हती ना आमाले, ऐकाची."

तलावाच्या पलीकडून कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. सर आमच्या मागेच खुर्चीत बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पदराखाली हात बांधून बसायला शिकले. फार अवघड काम. एखाद्या बाईला स्वयंपाक न करता चुलीसमोर बसवून ठेवावं, तसं. सर काही सांगायचा प्रयत्न करायचे, चेहरा लाल व्हायचा, आणि माझ्या जिभेच्या टोकावर त्यांचं वाक्य तयार असायचं. मी ते गिळायचे. मनातल्या मनात पाढे म्हणायचे. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटू लागलं, गफूरभाईंचं काय जातंय, डॉक्टरांना तरी जास्त कळतं.

त्या दिवशी सकाळपासून फरशीची शेवटची लांब ओळ चालली होती. सर आपल्या नेहमीच्या जागी, व्हरांड्याच्या टोकाला. अकराच्या सुमारास ते खुर्चीत पुढे सरकले. डोळे बारीक केले. शाळेत मुलांच्या चित्रांसमोर उभे राहिले की असेच करायचे. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि म्हणाले,

"वाकडं."

यंत्र बंद होतं. शब्द स्वच्छ ऐकू आला. सबंध, देठासकट. माझ्या हातात निवडायला घेतलेले तांदूळ होते, ते ताट मी कसं धरून ठेवलं मला माहीत नाही.

आणि गफूरभाईंनी काय करावं? त्यांनी वर बघितलं आणि वाद घातला.

"नाई जी सर. दोरा लावूनच बसवल्या. वाकडं कावून राहीन?"

"वाकडं!"

"तुमी दुरून पाहून राहिले, म्हून तसं दिसते."

"वाकडं! वाकडं!" सर चिडून उभे राहिले, डाव्या हातानं ओळीच्या मधोमध बोट दाखवत. कपाळावरची शीर उठली होती. मला वाटलं, आता त्यांना काही होईल, धावत जाऊन बसवावं. गेले नाही.

गफूरभाई उठले. ओळीच्या एका टोकाला गेले, दुसऱ्या टोकाला आले, पुन्हा दोरा ताणून धरला. दोरा बांधलेला खिळा कुणाच्या तरी पायाच्या धक्क्यानं सरकला होता. तिथून पुढच्या सगळ्या फरश्या दोन तांदळाच्या दाण्यांइतक्या तिरप्या गेल्या होत्या. जवळ बसून काम करणाऱ्याला ते कधी दिसलंच नसतं.

"अरे बापा," गफूरभाई म्हणाले. "सर, तुमी सही हाये. वाकडं हाये."

त्या अर्ध्या दिवसाचं काम उखडावं लागलं. निलेश दिवाळीच्या काळजीनं डोकं धरून बसला. पण फरश्या काढताना गफूरभाई ज्या आनंदानं हातोडी चालवत होते, तसा आनंद मी कुठल्याही लग्नमांडवात पाहिलेला नाही. माल ओला होता, फरश्या सुट्या निघत होत्या आणि प्रत्येक फरशी काढली की ते विचारायचे, "ही बी वाकडी का, सर?" आणि सर म्हणायचे, "वाकडी."

मी त्या दिवसावर पुष्कळ विचार केला आहे. त्यांना धीर देणारे, त्यांची कीव करणारे, त्यांच्यासाठी नवस बोलणारे सगळे होते. त्यांच्याशी वाद घालणारं कुणी नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना "तुमचं चुकतंय" असं म्हटलं होतं आणि ते खोडून काढण्यासाठी त्यांना शब्दाची गरज पडली होती.

नंतर शब्द आले, पण रांगेनं आले नाहीत. आधी रंग आले. निळा, करडा, तांबूस. मग पडवीतल्या जेवणातलं "ठेचा" आलं, कारण मंदाबाई मुद्दाम वाढायच्या नाहीत, मागायला लावायच्या. पट्टीचा प्रश्न गफूरभाईंनी पुन्हा काढला. दोन्ही फरश्या पुढे ठेवल्या. मी पाढे म्हणत बसले, सातचा पाढा संपला, आठचा अर्धा झाला, आणि सर म्हणाले, "हिरवी." चाळीस वर्षं मी मातकट रंगाच्या चादरी, मातकट पडदे आणत होते. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" ते हसले. डावीकडूनच हसले, पण पुरतं हसले.

एकदा दुपारी अचानक म्हणाले, "गाय." मी इकडेतिकडे बघितलं, गाय कुठे नव्हती. त्यांनी मान हलवली. "कार्ड. गाय. पाय... चूक." मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी हवेत मागच्या पायांचा बाक काढून दाखवला. मला कळायला वेळ लागला आणि कळल्यावर मी हसून हसून खांबाला धरून उभी राहिले. ती कार्डावरची गाय! शब्द सापडत नाही म्हणून ते चिडत नव्हते. चित्र चुकलंय म्हणून चिडत होते आणि ते सांगता येत नव्हतं.

पंधराव्या दिवशी आम्ही निघालो. मंदाबाईंनी सीताफळं बांधून दिली. गफूरभाई हात धुऊन गाडीपर्यंत आले, सरांचा उजवा हात, तो कमजोर हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सर, भेटू," म्हणाले, आणि नेहमीसारखे थांबले. गाडीचं इंजिन सुरू होतं, ड्रायव्हर आरशातून बघत होता. सर म्हणाले, "या. घरी." गफूरभाईंनी मान हलवली, यावेळी खरंखुरं उत्तर ऐकून.

सगळं काही परत आलं असं मी सांगणार नाही. उजवा हात चित्रापुरता परत आला नाही. डाव्या हातानं काढलेल्या रेघा सर अजून फाडून टाकतात. दीर्घ गोष्टी सांगणं गेलं, भाजीवालीच्या गावच्या हकीकती गेल्या. एक वाक्य जुळवायला कधी कधी एवढा वेळ लागतो की दुधाला उतू जायची संधी मिळते. पण वाक्य येतं. जे येतं ते त्यांचं असतं, मी पुरवलेलं नसतं. हॉटेल दिवाळीपर्यंत नवं झालं. निलेशनं फोटो पाठवले, छान दिसतं. आम्ही पुन्हा गेलो नाही, जाऊ कधीतरी. मला आठवतं ते मात्र ते अर्धवट हॉटेलच. पाहुण्यांसाठी तयार झालेल्या जागेत आम्हाला पाहुण्यासारखं वागवलं असतं. तिथे आम्ही कामाच्या माणसांत जाऊन पडलो आणि कामाच्या माणसांना कामच कळतं, तसं त्यांनी सरांनाही कामाला लावलं. या उपकाराची फेड कशी करायची मला माहीत नाही. फेडू नये अशीच काही देणी असतात.

तर, काल. थ्रेशर चालू असताना आमचं भांडण झालं. वरूडला माझ्या भाचीच्या मुलाचं लग्न आहे. मी म्हटलं, गाडी करून सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. सर म्हणाले, नाही. मी म्हटलं, का नाही? ते शब्द जुळवू लागले. मी थांबले. बराच वेळ थांबले. मग ते म्हणाले, "मला... मुक्काम... करायचाय. लोकांशी... बोलायचंय. तुला... नेहमी... घाई."

मी म्हटलं, तिथे गर्दी, झोपायची सोय नाही, पथ्याचं कोण बघेल. ते म्हणाले, "मी." मी म्हटलं, तुम्ही काय बघणार आहात! ते म्हणाले, "तू... ऐकत... नाहीस." मी तणतणत आत गेले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दुपारचं जेवण आम्ही एक शब्द न बोलता जेवलो. मी वाढलं, पण अजून हवं का ते विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

चारला चहा ठेवताना माझ्या लक्षात आलं की मी रुसले आहे. चांगली मनापासून, फुगून, पूर्वीसारखी रुसले आहे. भांड्यातलं पाणी उकळत होतं आणि मी तिथेच उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि समोरचं दिसत नव्हतं. आजारी माणसावर कुणी रुसत नाही.